धक्क्यावरची घंटा

दर रविवारी सकाळी फोटोकाकांच्या पोटात दुखायचं, आणि त्यावर औषध नव्हतं, कारण दुखणं पोटाचं नव्हतंच मुळी. त्यांच्या फोटो स्टुडिओच्या काचेतून समोरचा समुद्रकाठचा रस्ता स्वच्छ दिसायचा. त्या रस्त्यावरून दर रविवारी डॉक्टरीणबाई चालत जायच्या आणि त्यांच्या मागून माणसं जायची. माणसं म्हणजे किती! म्हातारे, तरुण जोडपी, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, आणि एक गृहस्थ तर कुत्र्यालासुद्धा घेऊन यायचे. वर सगळे हसत असायचे. काका काच पुसायचं फडकं हातात धरून आतून बघत राहायचे.

"हसताहेत बघ," ते म्हणायचे. "इतिहासात हसण्यासारखं काय असतं गं?"

"तुझ्या फेरीत कुणी हसलं नाही, म्हणून तुला तसं वाटतं," आतून त्यांची थोरली बहीण म्हणायची. तिला सगळी वस्ती ताई म्हणायची आणि काकाही ताईच म्हणायचे. काकांची बायको गेल्यापासून दोघं भावंडं स्टुडिओमागच्या खोल्यांत राहत होती. काका बाहेर बोलायचे आणि ताई आतून उत्तर द्यायची, असा त्या घरचा रिवाज होता.

आता खरं सांगायचं तर लोकांना वस्तीचा इतिहास सांगत हिंडायची ही रविवारची फेरी मुळात काकांची. ती त्यांनीच सुरू केली आणि वर्षानुवर्षं चालवली. हे उपनगर पूर्वी म्हणजे नुसती वाळू आणि मिठागरं होती. मग शहरातून ट्राम आली आणि तिच्यातून समुद्रस्नानाला माणसं आली. त्यांच्यासाठी चाकांवरच्या लाकडी खोल्या पाण्यापर्यंत ढकलत नेत, म्हणजे अब्रू झाकून डुबकी मारता यावी. मग बोर्डिंग हाउसं उभी राहिली, धक्का बांधला, धक्क्यावरून सहलीच्या बोटी सुटायला लागल्या. काकांच्या वडिलांनी स्टुडिओ थाटला तो तेव्हाच. खरा समुद्र समोर पसरलेला असताना लोक आत येऊन पडद्यावर रंगवलेल्या समुद्रापुढे उभे राहायचे आणि फोटो काढून घ्यायचे, कारण पडद्यावरच्या वाऱ्यानं केस विस्कटत नसत. पुढे ती हौस सरली. ट्राम बंद पडली, बोर्डिंग हाउसांचे फ्लॅट झाले, धक्क्याचे नुसते खांब उरले. हे सगळं काकांना पाठ होतं. सालं, मालक, खांबांची लांबी, सगळं. कर्णा हातात घेऊन ते एकेका इमारतीपुढे उभे राहायचे आणि सुरू व्हायचे.

पण लोक एकेक करून गळायला लागले. शेवटी शेवटी एकच गृहस्थ नेमानं यायचे, आणि त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पायाला आराम पडला तसे तेही यायचे थांबले.

आणि मग ह्या आल्या. कुठल्या कुठून आल्या, जुन्या बोर्डिंग हाउसमध्ये समुद्राच्या बाजूचा फ्लॅट घेतला, आणि परवापरवापर्यंत ज्यांना ट्राम कुठून वळायची तेही ठाऊक नव्हतं त्या बाई आता लोकांना आमचा इतिहास सांगायला लागल्या! नोकरीच्या काळात त्या दातांच्या डॉक्टर होत्या. उभा जन्म लोकांना 'आ करा' म्हणण्यात गेलेला. त्यांच्यासमोर बसलं की भल्याभल्यांची तोंडं आपोआप उघडायची, आणि एकदा उघडली की मिटायची नाहीत. बेकरीवाल्या आजी कधी कुणाशी धड दोन शब्द बोलल्या नव्हत्या, त्या ह्यांच्याजवळ आपल्या लग्नाच्या दिवशीचं रडून सांगत बसल्या.

"गोड बोलून काढून घेतात," काका दात ओठ खात म्हणायचे. "उद्या स्वतःच्या नावावर खपवतील, बघशील तू."

"अरे, ती बाई तर तुझं—"

"माझ्यापुढे त्या बाईचं नाव काढायचं नाही!"

ताई गप्प बसली. रस्त्यावर भेटणारे लोकही मग गप्प बसायला शिकले.

हे सगळं काकांनी गिळलंही असतं, पण मध्येच खोलीचा विषय निघाला. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर जुनं तिकीटघर पडून होतं. रहिवाशांच्या समितीनं ते दुरुस्त करायला घेतलं. तिथे भिंतींवर जुने फोटो लावायचे, खाली माहितीच्या पाट्या लावायच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ही वस्ती कशी घडली ते दाखवायचं. काकांचं हे जन्माचं स्वप्न होतं. फोटो त्यांचेच होते आणि पाट्यांचा मजकूरही त्यांनी केव्हाच लिहून ठेवला होता. फक्त खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची, ती कुणी उघडायची आणि लोकांना कुणी सांगायचं, हे समितीच्या बैठकीत ठरणार होतं. पूर्वी कुणी विचारलंही नसतं. आता समितीचे अध्यक्ष, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, खाकरून म्हणाले, "काका, तुमचं नाव आहेच हो. पण डॉक्टरीणबाईंचंही बरेच जण म्हणताहेत."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी सकाळचा चहा दुपारपर्यंत तसाच ठेवला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई पिशवीभर संत्री घेऊन स्टुडिओत हजर. "काका, तुमच्याइतकं इथलं कुणाला ठाऊक नाही," म्हणाल्या. "मला धक्क्याबद्दल काहीतरी सांगाल? सालं वगैरे माझ्या लक्षात राहत नाहीत. माणसाची एखादी गोष्ट असेल तर."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. संत्र्यांचा वास सुटला होता. पलीकडे पडद्यामागे ताई इस्त्री करत होती, तिचा धप धप आवाज येत होता. आणि त्या क्षणाला काकांच्या डोक्यात ती दुष्ट कल्पना आली.

समितीचा एक नियम होता आणि तो काकांनीच घालून दिला होता. ज्या गोष्टीचा फोटो नाही, ती तीन वेगवेगळ्या घरांतल्या तीन जुन्या माणसांनी आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय खरी धरायची नाही. तीन तोंडं मिळाली तरच पाटी लागणार. बाईंना हा नियम माहीत होता, पण त्या गोष्ट आधी सांगत सुटायच्या आणि तोंडं मागून शोधायच्या.

"आहे एक गोष्ट," काका कान खाजवत म्हणाले. "एका संध्याकाळी दाट धुकं उतरलं. इतकं की पुढे केलेला हात दिसेना. सहलीच्या बोटी बाहेर अडकल्या, त्यांना धक्का सापडेना. तेव्हा बोर्डिंग हाउसमध्ये कपडे धुणारी एक बाई होती. तिनं काय केलं, जेवणाची मोठी घंटा उतरवून कपड्यांच्या हातगाडीवर घातली, ती धक्क्याच्या टोकापर्यंत ओढत नेली आणि शेवटची बोट लागेपर्यंत वाजवत राहिली. नंतर कितीतरी दिवस तिला हात मुठीत मिटता येत नव्हते."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "काय नाव होतं हो तिचं?"

"नाव कुणाला ठाऊक!" काका म्हणाले. ते खरंच होतं म्हणा, कारण अशी बाई कधी नव्हतीच.

बाई गेल्यावर काकांनी एक संत्रं सोलून खाल्लं. चांगलं गोड लागलं. आता ही बाई गोष्ट स्वतःची म्हणून गावभर सांगणार. मग बैठकीत आपण उभं राहायचं आणि म्हणायचं, तोंडं दाखवा. तोंडं कुठून येणार? आणि ही गोष्ट काकांनी सांगितली असं म्हणाल्याच, तर सरळ कानावर हात ठेवायचे, मी नाही बुवा. सगळ्यांसमोर बाईंची अशी फजिती झाली की किल्लीचा प्रश्नच मिटला. काकांनी दुसरं संत्रंही सोललं.

बाईंनी गोष्ट सांगितली. पण कशी सांगितली! पुढच्या रविवारी धक्क्याच्या खांबांपाशी सगळी माणसं चिडीचूप उभी असलेली काकांना काचेतून दिसली. कुत्रंसुद्धा खाली बसलं होतं. वर्षानुवर्षं त्याच खांबांपुढे उभं राहून काकांनी खांबांची लांबी सांगितली होती, तेव्हा लोक घड्याळं बघायचे. आणि आता बघा, एक बाई रुमालानं डोळे टिपतेय. गोष्ट कुणाची? माझी. मी रचली. आणि रुमाल निघतोय तिच्यासाठी! काकांचा नुसता जळफळाट झाला. खोट्या गोष्टीचंसुद्धा श्रेय दुसऱ्यानं लाटलं की दुखतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढे तर कहरच झाला. एक म्हातारे नावाडी कट्ट्यावर बसून सांगायला लागले, "हो तर! माझा बाप त्याच आवाजानं घरी आला. मी आईच्या कडेवर होतो." मग बेकरीवाल्या आजींना आठवलं की त्या संध्याकाळी भट्टीपर्यंत घंटा ऐकू येत होती आणि त्या नादात पाव करपले होते. काकांनी कपाळावर हात मारला. नसलेल्या घंटेनं पाव करपले, आता बोला! पण तोंडं दोनच झाली होती. तिसरं काही मिळत नव्हतं, आणि काकांचा सगळा जीव त्या तिसऱ्या तोंडात अडकला होता.

बैठक तिकीटघरातच भरली. भिंतींच्या नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. काका इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले. ताईही आली होती, चांगली शाल पांघरून. ती एरवी कुठे येत नसे, म्हणून काकांना जरा नवल वाटलं, पण त्यांचं लक्ष समोर होतं.

अध्यक्षांनी घंटेचा विषय काढला. नावाडी बोलले, बेकरीवाल्या आजी बोलल्या. "तिसरं कुणी?" अध्यक्षांनी विचारलं. कुणी उठेना. काका ह्याच घटकेची वाट बघत होते. ते उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "तिसरं तोंड नाही. आणि मी म्हणतो, बाईंनी आधी हे सांगावं की ही गोष्ट त्यांनी आणली कुठून?"

डॉक्टरीणबाई गोंधळून त्यांच्याकडे बघायला लागल्या. "कुठून म्हणजे? काका, तुम्हीच नाही का दिलीत मला? मी तर प्रत्येक फेरीला आधी तेच सांगते. ही माझी गोष्ट नाही, आपल्या फोटोकाकांची आहे, आणि त्यांच्याएवढं ह्या वस्तीला कुणी ओळखत नाही."

"हो हो, दर वेळी सांगतात!" मागून दोघे-चौघे ओरडले. "फोटोकाकांची घंटा! आम्ही तेच म्हणतो तिला."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बाईंना आपल्याच मापानं मोजलं होतं. आपण गोष्ट ढापली असती, म्हणजे तीही ढापणारच, ह्याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी एकदाही बाहेर जाऊन कानानं ऐकलं नव्हतं. आता कानावर हात ठेवायची सोय नव्हती. सबंध उपनगराला ठाऊक होतं गोष्ट कुणाची ते.

"मग काका, तुम्हाला कुणी सांगितली?" अध्यक्षांनी सरळपणे विचारलं.

काकांचा हात कानाकडे गेला. खिडकीपाशी बसलेले एक निवृत्त वकील चष्मा पुसत हळूच म्हणाले, "म्हणजे, बनवलेली तर नव्हे?" आणि लोकांची नजर बदलायला लागलेली काकांना दिसली. आता एक घंटा खोटी ठरली की ट्राम, मिठागरं, चाकांवरच्या खोल्या, सगळंच संशयात जाणार होतं. जन्मभराचं काम एका संत्र्यापायी बुडत होतं.

"मी सांगितली त्याला," मागून आवाज आला.

ताई उभी राहिली होती. "मी होते तिथे," ती म्हणाली. "धुलाईखान्यात कामाला. हातगाडी जड होती, त्या बाईला एकटीला ओढवेना. मागून मी ढकलत होते."

आणि मग ताईनं ती संध्याकाळ सांगितली. ओल्या चादरींचा वास कसा होता, धुक्यात गाडीचं चाक फळ्यांच्या फटीत कसं अडकायचं, पहिली बोट लागली तेव्हा उतरणारी माणसं घंटेकडे न बघता आपापल्या सामानाकडे कशी बघत होती. त्या बाईला एकानंही थांबून विचारलं नाही की तुझे हात कसे आहेत. "आम्ही दोघी गाडी परत घेऊन आलो," ताई म्हणाली, "आणि राहिलेल्या चादरी धुतल्या." काका बुडता बुडता वाचले होते, पण खरं सांगायचं तर तेव्हाही त्यांना हेवाच वाटला. आपल्या बहिणीला असं बोलता येतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

टाळ्या पडल्या. तीन तोंडं झाली. डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की पाटीवर सांगणाऱ्यांची नावंही घालावीत, ताईंचं सगळ्यात वर. मग त्याच म्हणाल्या की किल्ली काकांनाच द्यावी, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला शोभणार नाही. कुणी विरोध केला नाही. अध्यक्षांनी किल्ली काकांच्या हातात ठेवली आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते काकांना मिळालं.

घरी जाताना भावंडं समुद्रकाठच्या रस्त्यानं निघाली. काका किल्ली या हातातून त्या हातात घेत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"ताई, तू खरंच होतीस तिथे? म्हणजे, घंटा होती?"

"कसली घंटा?" ताई म्हणाली. "धुलाईखान्यात होते मी खरी, पण बोर्डिंगात घंटा नव्हतीच. जेवण तयार झालं की आचारी पातेल्यावर डाव आपटायचा. तू थापा मारत होतास तेव्हा मी पडद्यामागे इस्त्री करत होते. लहानपणापासून खोटं बोलताना कान खाजवतोस."

"मग उठलीस कशाला?"

"तू उभ्या उभ्या बुडत होतास म्हणून. भाऊ आहेस माझा. दुसरं काय करणार?"

"उपकार झाले तुझे," ते पुटपुटले.

"उपकार नकोत. मला तुझा राग आहे, तो आज सांगते." ताई थांबली. तिनं शाल ओढून घेतली. "ट्राम कुठून वळायची ते तुला कुणी सांगितलं? तू रांगत होतास तेव्हा. चाकांवरच्या खोल्यांचं, धुलाईखान्याचं, बोर्डिंगच्या मालकिणीचं, कुणी सांगितलं? मी. जेवताना एकेक काढून घ्यायचास आणि पाटीवर काय लिहायचास? 'एका जुन्या रहिवाशाच्या सांगण्यावरून.' रहिवासी! एका घरात राहतो रे आपण. तू कर्णा घेऊन माझं बोलणं लोकांना सांगायचास आणि मी घरात बसून ऐकायचे. जळायचे मी. तुझ्या त्या रिकाम्या फेरीवरसुद्धा जळायचे."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? आता त्या भिंतीवर एका पाटीला माझं नाव लागणार, आणि तीच तेवढी खोटी."

काका किल्ली मुठीत धरून उभे राहिले. आपण ज्या चोरीच्या भीतीनं त्या बाईला पाण्यात पाहत होतो, ती चोरी आपल्याच घरात आपणच करत होतो, हे त्यांना लख्ख दिसलं आणि तोंड लपवायला जागा उरली नाही.

"मी सगळ्या पाट्या बदलतो," ते म्हणाले. "प्रत्येकीवर तुझं नाव घालतो. शपथ."

"घाल," ताई म्हणाली आणि चालायला लागली.

काका तिच्या मागून निघाले. एवढ्यानं भागणार नाही असं त्यांना वाटत होतं. धुलाईखाना कुठल्या साली बंद पडला, किती बाया कामावरून गेल्या, कुलूप कुणी लावलं, हे सगळं त्यांनी ताईकडून ऐकून घेतलं होतं. पण त्यापुढचं त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. आज घसा खाकरून त्यांनी विचारलं.

"ताई, धुलाईखाना बंद झाला त्या दिवशी, तू घरी आलीस तेव्हा... तुला काय वाटलं होतं गं?"

ताईनं मागे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग आता गेला होता.

"राहू दे आता," ती म्हणाली. "तू दुपारी झोपतोस ना, तेव्हा डॉक्टरीणबाई येऊन बसतात माझ्याजवळ. ते मी त्यांना सांगितलंय."